अकरा मडकी

गेल्या महिन्यात माझ्या चुलत भावाने, विनूने, गावाहून मोबाइलवर एक फोटो पाठवला. आमच्या घरामागच्या पडीक तुकड्यात शेततळं खोदायला त्याने जेसीबी लावला होता आणि त्या यंत्राच्या दातांना मडकी लागली. एक जवळजवळ अख्खं, बाकीच्या नुसत्या खापऱ्या. फोटोखाली लिहिलं होतं, 'ताई, हे पाह्य काय निघालं. जुनं काही हाय का? कोणाले दाखवू का?' मी चष्मा लावला आणि तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. मडक्याच्या गळ्याशी अजून काहीतरी पांढरं होतं. किंवा नसेलही, मलाच दिसलं असेल. इथे अमरावतीत माझ्या स्वयंपाकघरात कुकर शिट्यांवर शिट्या देत होता, त्या मोजायच्या राहून गेल्या आणि वरण करपलं. विनूला मी उत्तर लिहिलं, 'असतील कोणाची तरी. फेकून दे.' सारा जन्म पोरांना निबंध शिकवण्यात घालवलेल्या बाईला एवढंच सुचलं. म्हणून आज हे बसून लिहिते आहे. उपयोग काही नाही, हे मला माहीत आहे.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. दर्यापूरच्या पलीकडे, अकोल्याच्या अलीकडे, पूर्णेच्या अंगाची ती सगळी सपाट काळी जमीन. माती अशी की मुठीत घेतली तर खावीशी वाटेल, आणि खाली पाणीही आहे, पण खारं. विहीर कुठेही खोदा, तेच. पावसावर कपाशी घ्यायची, मूग घ्यायचा, थंडीत ओलीवर हरभरा घ्यायचा आणि उन्हाळ्यात आभाळाकडे पाहत बसायचं, असा आमचा सगळा कारभार. विहिरीचं पाणी गुरांना आणि धुण्या-आंघोळीला. त्यात साबणाला फेस येत नसे, केस चिकट होत, तुरीची डाळ चार तास चुलीवर ठेवली तरी टणकच्या टणक. चहा टाकला तर दूध फाटे. डाळीला, चहाला आणि पिण्याला गोडं पाणी लागे, ते गावातल्या एका नळाला चार दिवसांतून एकदा येई. नळ आला की सगळं गाव हंडे, कळश्या, डबे घेऊन धावे. त्या भांड्यांचा खणखणाट हाच माझ्या लहानपणाचा आवाज. अजूनही कुठे भांडं पडलं की माझे पाय आधी दाराकडे वळतात.

या गावात माझी माय परतवाड्याच्या वरून आली, मेळघाटच्या पायथ्याहून, संत्र्याच्या बगीच्यातून. तिच्या माहेरी पाणी पाटानं खळखळत जायचं. लहानपणापासून तिनं तिच्या बापाच्या हाताखाली पाणी वळलं होतं. कोणत्या झाडाला किती, कधी तोडायचं, कधी ताण द्यायचा, सगळं तिला ठाऊक. तिची जीभ फार पक्की होती. गावात कोणी नवी विहीर खोदली की पहिली ओंजळ मायला चाखायला बोलवत. ती घोट तोंडात घोळवायची, थुंकायची आणि सांगायची, 'गुराइले चालन. भाजीले नको देजो.' कधी चुकली नाही. बायका तिला संत्र्यावाली म्हणत आणि त्यात मान होता. आमच्या घरात दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतंच. बाबा साधा, कामाचा, थोडा टोमणेबाज माणूस. मी एकुलती एक पोट्टी, नाव बेबी, अंगात मस्ती भरपूर आणि अक्कल बेताची.

आजोबा गेले तेव्हा मामाने मायला बोलावून घेतलं. हक्कसोडचा कागद करायचा होता. आमच्याकडे ही रीतच आहे. बहिणीने बापाच्या शेतीवरचा हक्क लिहून द्यायचा, भावाने साडीचोळी करायची, पुरणाची पोळी खायची आणि दोघांनी डोळे पुसायचे. जी सही करत नाही तिचं माहेर तुटतं. आज शाळेत शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या मुलींनाही मी हेच करताना पाहते आणि माझं डोकं फिरतं. मायनं सही केली. मामा मनाचा वाईट नव्हता. त्याला भरून आलं, म्हणाला, 'बाई, तुले काय पाह्यजे ते माग.' माय म्हणाली, 'मले अकरा कलमा दे. आपल्या बुढ्याच्या झाडाच्या.' मामा हसायलाच लागला. 'तुह्या खाऱ्या गावात? अवो, मरतीन ना ते.' माय म्हणाली, 'मी नाही मेली ना अजून. देऊन तं पाह्य.'

त्या अकरा कलमा ओल्या पोत्यात गुंडाळून आम्ही एसटीने आणल्या. परतवाडा ते अमरावती मायनं त्या मांडीवर धरल्या, अमरावती ते दर्यापूर मी. कंडक्टर म्हणाला, 'बाई, याइचं तिकीट काढा लागते.' माय म्हणाली, 'लेकरं हायेत दादा, मांडीवरची.' घरी पोचलो तर बाबाने पोतं उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. 'अठी बाभूळ बी इचार करून उगवते, अन् ही बाई संत्रा लावून राह्यली!' मायनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी ती दर्यापूरला जाऊन अकरा मडकी घेऊन आली. प्रत्येकाच्या बुडाला बारीक भोक पाडलं, त्यात चिंधीची वात ओवली, आणि कलमेपासून हातभर अंतरावर एकेक मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरलं. वर खापरीचं झाकण. मडक्यात गोडं पाणी भरायचं, ते वातीतून झिरपत जाणार, मूळ आपल्या पायानं चालत पाण्यापाशी येणार. 'संत्र्याच्या बुडाले पाणी नाही लावा लागत बेबी,' ती सांगायची. 'बुडाले लावलं का डिंक येते. त्याच्या मुळाच्या टोकाले द्या लागते. अन् थोडं. लाडानं जास्त देल्लं का मूळ आळशी होते, वरच्या वरच लोळत राह्यते.' बाबा जाता-येता विचारायचा, 'अकरा मडके पुरले, बारावं कोणासाठी ठेवलं?' मायही कमी नव्हती. 'तुमच्यासाठी,' म्हणायची.

मग आमच्या घरात पाण्याचं राज्य सुरू झालं. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं एका बादलीत. फडक्यानं गाळून मडक्यात. पाहुणा अर्धा गिलास पाणी पिऊन ठेवे, ते बादलीत. मला इतकी लाज वाटायची! एकदा बाबाचे एक दूरचे काका आले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत मायनं त्यांचा उष्टा गिलास उचलून बादलीत रिकामा केला. म्हातारा बिचारा म्हणाला, 'सूनबाई, मी काही रोगी माणूस नाही.' माय म्हणाली, 'नाही जी मामंजी, झाडाइले चालते तुमचं.' आम्ही पिठलं-भाकर खाल्ली की ताटात हात धुवायची बंदी होती, कारण ताटातल्या पाण्यात मीठ जातं. बाबा मुद्दाम ताटात हात धुवायचा आणि मायकडे पाहून मिशीत हसायचा, मग तीच ताट घेऊन लांब उकिरड्यावर ओतून यायची. आणि झाडं वाढली की! पहिल्या पावसाळ्याअखेर माझ्या गुडघ्याला, दुसऱ्या वर्षी कमरेला, तिसऱ्या वर्षी माझ्या डोक्याच्या वर. काळीभोर हिरवी पानं. आजूबाजूच्या गावांतले लोक पाहायला येत. माय एक पान तोडून चुरगळून त्यांच्या नाकाशी धरायची आणि त्यांचं तोंड पाहत उभी राहायची. मला वाटतं, तिच्या सगळ्या आयुष्यातली तीच तीन वर्षं चांगली गेली. मी पुष्कळ विचार करून हे लिहिते आहे.

तिसऱ्या वर्षी थंडी सरताना, आंबिया बहाराच्या दिवसांत, काही झाडांना फुलं आली. तो वास सगळ्या परसात. मी नाचायला लागले, तर मायनं एकेक फूल खुडून टाकलं. 'लेकराच्या कडेवर लेकरू देते का कोणी?' म्हणाली. 'मुळी बसू दे अजून. पुढच्या साली धरू. पुढच्या साली ह्याच झाडाचे संत्रे पदरात घेऊन मी माहेरी जाईन, अन् भावाच्या हातावर ठेवीन.' हे ती मला म्हणाली, बाबाला नाही. जमिनीवरचा हक्क तिनं सोडला होता. तिला एवढंच दाखवायचं होतं की बापाचा बगीचा ती आपल्याबरोबर घेऊन आली आहे. बाकी काहीही नको होतं तिला. आणि तेवढंही मी होऊ दिलं नाही.

त्या उन्हाळ्यात माझी दहावीची परीक्षा झाली होती. निकाल लागला की मी मामाकडे राहून परतवाड्याला पुढे शिकायचं, असं ठरलं होतं. आमच्या गावातल्या कोणत्याही पोरीच्या नशिबी हे नव्हतं. माझ्या मैत्रिणींच्या तर साखरपुड्याच्या साड्या आणून झाल्या होत्या. बाबाच्याही मनात माझं लग्नच होतं, पण मायनं मामाकडून शब्द घेतला होता. तेवढ्यात निरोप आला की आजी ओसरीवरून पडली, कमरेचं हाड मोडलं. माय निघाली. जाण्याआधी तिनं मला परसात उभं केलं. नळाला अलीकडे पाणी फार कमी येत होतं. 'चार दिवसाआड एका मडक्यात दोन तांबे. गोडं. नळ नाही आला तं नको देऊ. पानं वळतीन, झाड माना टाकीन, तू घाबरू नको. तहानलेलं झाड पावसानं उठते. पण इहिरीचं पाणी त्याइले दाखवू बी नको. आयकून राह्यली का?' मी म्हटलं, 'हाव वं माय, कितीदा सांगते!' तिनं माझा हात धरला. 'सुकू दे, पण खारं नको.' मग पिशवी उचलून गेली.

दहा-बारा दिवस सगळं ठीक चाललं. मग नळच बंद पडला. कुठेतरी मोटार जळली होती की पाइप फुटला होता, कोण सांगणार! बाबा बैलगाडीवर ड्रम टाकून दूरच्या गावाहून पिण्याचं पाणी आणायचा, त्यातलं एक भांडंही झाडाला देण्याची सोय नव्हती. वैशाखाचं ऊन. अकोल्याकडचं ऊन ज्यानं खाल्लं नाही त्याला मी काय सांगू! दुपारी भिंतीला हात लावता येत नसे. झाडांची पानं आधी वळली, मग लोंबली. मी सकाळी उठून पाहायची, थोडी सावरलेली दिसत. दुपारी पुन्हा माना खाली. मडकी कोरडी ठणठणीत. बोटाने वाजवली की आवाज यायचा. मी खापरी उचलून आत पाहायची आणि रडायची. खरंच रडायची. मायला काय तोंड दाखवू, असं वाटायचं. आणि वीस पावलांवर विहीर, तिच्यात पाणी भरलेलं. गुरं पीत होती, आम्ही आंघोळ करत होतो. त्याने माणसं मरत नाहीत, गुरं मरत नाहीत, मग झाडंच कशी मरतील? सोळा वर्षांच्या पोरीचं हे गणित. एका सकाळी बाबा शेतात गेल्यावर मी बादली सोडली आणि अकराही मडकी काठोकाठ भरली. दोन तांबे नाही, काठोकाठ. आणि हात काही थांबेना, म्हणून झाडांभोवतीची आळीही भरून टाकली.

दोन दिवसांत झाडं उठली. पानं ताठ, चकचकीत, आणि एका फांदीला नवी पालवीसुद्धा. मला असा आनंद झाला की मी परसात फुगडीसारखी गरगर फिरले. मनात म्हटलं, मायला काय कळतं, उगीच घाबरवून ठेवलं. मग रोजच द्यायला लागले. माय यायच्या दिवसापर्यंत, सलग एकोणीस दिवस. बाबाच्या लक्षात काही आलं नाही, त्याने कधी त्या झाडांकडे पाहिलंच नव्हतं. ज्या दिवशी माय येणार, त्या पहाटे मी पुसून-पासून मडक्यांची तोंडं स्वच्छ केली. म्हणजे मनात कुठेतरी मला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर पुसली कशाला असती?

माय आली ती पिशवी ओसरीवर टाकून थेट परसात. झाडं पाहिली आणि उभीच राहिली. नळ बंद असल्याचं तिला रस्त्यात कळलं होतं, ती जळालेल्या काटक्या पाहायच्या तयारीनेच आली होती. तिनं मला जवळ ओढलं, तिच्या अंगाला एसटीचा आणि घामाचा वास येत होता, आणि म्हणाली, 'माह्या लेकीनं राखली वं माही झाडं! कसं केलं तुनं?' मी म्हटलं, 'बाबा ड्रम आणत होता ना, त्यातलंच थोडं थोडं.' किती सहज बोलून गेले मी! तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. त्या दिवशी तिनं बाबाला ताटात हात धुऊ दिले, हसली, आणि ताट स्वतः बाहेर नेऊन ओतलं. जेवताना ती बगीच्यातल्या गोष्टी सांगत होती. मामीची भाची शिकायला त्यांच्याकडे राहिली होती, तिला मामाने ट्रंकेसकट परत पाठवलं म्हणे. का? तर एका ओळीला पाणी वळायला सांगितलं होतं, ते वळलं नाही आणि वळलं म्हणून सांगितलं. मामाचं म्हणणं, झाडाच्या बाबतीत खोटं बोलणारं माणूस त्याला घरात नको. मी पाणी प्यायले, आणि अजून एक भाकर वाढून घेतली.

पंधरा दिवसांनी पानांची टोकं तपकिरी झाली, विस्तवाला लागल्यासारखी. मग कडा. मग पानं गळायला लागली, पिवळी होऊन नाही, हिरवीच्या हिरवी. पाऊस पडला. मायला वाटलं आता सावरतील, पण आळ्यांतली माती विचित्र झाली होती. आमची माती उन्हाने भेगाळते आणि पावसाने फुलते. ही सिमेंटसारखी घट्ट बसली, वर पाणी साचून राहिलं, खाली उतरेना. माय शेण कालवून टाकत होती, निंबाचा पाला टाकत होती, काठीने चर काढून साचलेलं पाणी वाट करून देत होती. मी शेजारी उभी राहून तिला मदत करत होते. मदत! माझा निकाल लागला, मी चांगल्या मार्कांनी पास झाले, गावात पेढे वाटले गेले. मामा शनिवारी मला न्यायला येणार होता.

शुक्रवारी सकाळी मायनं कुदळ घेतली आणि एक मडकं उपसून काढलं. कदाचित वात कुजली असेल, असं तिला वाटलं होतं. मडकं बाहेर आलं ते पांढरं. बाहेरच्या अंगाला सगळीकडे जाडसर पापुद्रा, भिंतीला चुना लावावा तसा. तिनं बोट फिरवलं. बोट जिभेला लावलं. घोळवलं, आणि थुंकली नाही, गिळलं. मग माझ्याकडे पाहिलं. 'किती दिस देल्लं?' तिनं विचारलं. आवाज अगदी साधा. मी म्हटलं, 'एकोणीस.' 'काहून देल्लं?' 'माना टाकल्या होत्या वं माय. मले पाह्यवलं नाही.' ती खाली बसली. मडकं मांडीवर. मग म्हणाली, 'मी आली त्या दिवशी सांगतलं असतं, तं दोन-चार वाचवली असती. गोडं पाणी आणून धुऊन काढली असती माती. तुनं सांगतलं काहून नाही?' पाणी दिलं ते माया म्हणून दिलं, त्याची माफी असेल. पण परसात तिनं मला जवळ घेतलं तेव्हा मी खोटं बोलले, आणि झाडं मेली ती त्याने. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मारलं नाही. उठून भाकरी टाकायला गेली.

शनिवारी मामा आला. पाय धुतले आणि विचारलं, 'कुठी हाय माह्या बुढ्याचा बगीचा?' परसात गेला, उकिडवा बसला, एक पान घेतलं, कड चाचपली, आळ्यातली माती चिमटीत घेऊन पाहिली. त्याला सांगायची गरज नव्हती. तो मायचाच भाऊ. 'हे खाऱ्या पाण्याचं काम हाय,' म्हणाला. 'कोणं देल्लं?' आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. माझी ट्रंक ओसरीवर बांधून ठेवलेली होती. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण त्याआधी माय म्हणाली, 'म्या देल्लं.' मामा म्हणाला, 'तू?' 'हाव. तुह्या घरून आली तवा नळ बंद होता. कीव आली. वाटलं, चार दिवस देऊन पाह्यतो.' मामा तिच्याकडे पाहतच राहिला. 'इतके वर्षं बुढ्याच्या हाताखाली पाणी वळलं तुनं! तुले समजत नव्हतं?' माय म्हणाली, 'नाही समजलं.' बाबा दारातून हसला. 'अन् गाव हिले पाण्याची पारख इचारते!' माय पदराला हात पुसत होती, कोरडेच होते हात. मग मला म्हणाली, 'बेबी, मामाले चहा ठेव. रांजणातलं गोडं पाणी घेजो.'

मी चहा ठेवला. प्यायलासुद्धा. आणि दुपारच्या गाडीने ट्रंक घेऊन मामाबरोबर गेले. त्या बगीच्यात राहून शिकले, पुढे अमरावतीला कॉलेज केलं, शिक्षिका झाले, स्वतःच्या पायावर उभी राहिले, हे सगळं पुढचं तुम्हाला दिसतंच आहे. लोक सत्कारात म्हणतात, खारपाणपट्ट्यातून आलेली मुलगी. मी मान खाली घालते, त्यांना तो विनय वाटतो.

दिवाळीला घरी गेले तेव्हा परस मोकळं होतं. एकही झाड नव्हतं. बाकीची मडकी तिनं काढली नव्हती, वरून माती लोटून दिली होती. मी काही विचारायच्या आधी बाबानेच सांगितलं, 'संत्र्यावालीनं सरपण केलं.' चुलीपाशी बारीक फांद्यांची मोळी होती, हिरवट सालीची. त्या काटक्यांवर मायनं माझ्यासाठी पुरणाची डाळ शिजवली, नळाच्या पाण्यात, मऊ मऊ. घरभर सालीचा वास सुटला होता. तिनं वाढलं, मी खाल्लं. दोघींनी झाडांचा शब्द काढला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढे कधीच नाही. त्यानंतर तिनं परसात तुळससुद्धा लावली नाही. गावात नवी विहीर लागली तरी ओंजळ चाखायला तिला कोणी बोलावलं नाही. संत्र्यावाली हे नाव राहिलं, पण आता ते म्हणताना बायका एकमेकींकडे पाहून हसायच्या. माय ऐकून घ्यायची. मी सुटीत गेले की हे माझ्या कानावर पडायचं आणि मी पुस्तकात तोंड घालायची.

पुष्कळ वर्षांनी माय अकोल्याच्या दवाखान्यात वारली. शेवटचे आठ-दहा दिवस मीच होते तिच्याजवळ. बोलता येत होतं तिला. मी रोज ठरवायची, आज बाबाला आणि नातेवाइकांना बोलावते आणि तिच्यासमोर सांगते. एकदा तिच्या कानाशी वाकून म्हटलं, 'माय, ते झाडांचं मी सगळ्यांना सांगते आता.' तिनं डोळे उघडले, म्हणाली, 'पाणी दे.' मी चमच्याने पाणी घातलं. तिनं ते तोंडात घोळवलं, जुन्या सवयीने. 'गोडं हाय,' म्हणाली. बस, एवढंच. मी मनाशी म्हटलं, बरी झाली की सांगू. बरी कुठली होते!

तेरवीला सगळे जमले होते. मांडवात पंगत बसली, मी बुंदी वाढत होते. मामा आता थकलेला, काठी टेकत आलेला, बहिणीच्या आठवणी काढून रडत होता आणि रडतारडता हसत होता, म्हातारी माणसं करतात तसं. आजूबाजूच्या पोरासोरांना त्याने ती गोष्ट सांगायला घेतली. कशा अकरा कलमा मांडीवर आणल्या, कंडक्टरला काय म्हणाली, मडकी कशी पुरली. 'झाडं अशी आली होती म्हणता! अन् माह्या बहिणीनं, बगीच्यातल्या पोरीनं, आपल्याच हातानं खारं पाणी पाजून मारून टाकली. एवढी शहाणी बाई, पण तठी चुकली.' पंगत हसली, मायेनेच हसली. बाबाही भिंतीला टेकून हसत होता. मामाने माझ्याकडे मान वळवली. 'काय वं बेबी, तू तं होती ना तठी? सांग याइले.'

सगळे माझ्याकडे पाहत होते. हातात बुंदीचं पातेलं होतं.

'हाव मामा,' मी म्हटलं, आणि त्याच्या पानात बुंदी वाढून पुढच्या पानाकडे गेले.